बर्ल रन्यन जिवंत असेपर्यंत

कॉपरहेड घळ, केंटकी
९ फेब्रुवारी

रँडल,

तुला तुझ्या बापाच्या मातीला तुरुंगातनं सोडलं नाही, बरंच झालं. आला असतास तर मी तुला खणायला लावलं असतं. जमीन गोठून लोखंड झाली होती. कुदळ मारली की ठिणगी उडायची. शेजारच्या एस्टिलनं तर जोशात एक कुदळ स्वतःच्याच नडगीवर घातली आणि पाद्रीबुवांसमोर असं काही बोलला की त्यांनी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

फोनवर तुझ्या आईनं, म्हणजे काकूनं, तुला नुसतं "छातीत कळ आली" सांगितलं. खरं असं की बर्ल काका वादळानं पडलेलं झाड कापत होता. कळ आली, काका आडवा झाला, पण मोटरची करवत चालूच. ती उड्या मारत गेली आणि ड्यूकची शेपटी घेऊन थांबली. आता कुत्रं खूश आहे की नाही ते कळायला मार्ग नाही.

रस्ता बर्फानं बंद, त्यामुळे मातीला फक्त घळीतलीच माणसं. पेटी एस्टिलनं कोठाराच्या फळ्यांची ठोकली. काकूनं आत काकाचा चांगला शर्ट घातला, आणि टीव्हीवरच्या फळीवरची ती बरणी छातीवर ठेवली. हो, हॉईट मॅडॉक्सच्या कानाची. म्हणाली, "ज्याची शिकार त्याच्याबरोबर जाऊ दे."

आता मुद्द्याचं. टीव्ही आणि इंटरनेट. तू आत गेल्यावर ते कसं आलं ठाऊक आहे? कंपनीचा एक टायवाला आला. म्हणाला, दोन्ही एकत्र घ्या, तीन वर्षं भाव वाढणार नाही, हमी. काका म्हणाला, "आणि चौथ्या वर्षी?" तो म्हणाला, "तेव्हा बघू." काकानं त्याची टाय धरली आणि त्याला पोर्चच्या खांबावर दोनदा वाजवला. मग पेन हातात दिलं. त्यानं कागदावर लिहिलं, "बर्ल रन्यन जिवंत असेपर्यंत हाच भाव," आणि सही केली. नाकातनं एक थेंब कागदावर पडला. काका म्हणाला, शिक्का पण बसला. मग काकूनं त्याला नाकात कापूस घालून जेवायला वाढलं. कंपनीत कुणी न वाचताच ते तसं चढवलं असणार. तेव्हापासून अख्खी घळ आमच्या वायरीवर जगते.

पण काका गेला म्हणजे भाव गेला ना. मातीच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीचा फोन, "बर्ल रन्यन आहेत का?" काकूनं माझ्याकडे बघितलं. मी फोन घेतला आणि काकाच्या आवाजात खेकसलो, "कोण मरायला आलंय?" पोरगी बिचारी माफी मागून गेली. एस्टिल हसून हसून खुर्चीवरनं पडला. काकू हसली नाही. म्हणाली, "परत बोल."

तर सध्या तुझा बाप जिवंत आहे. कुणाला बोलू नको. त्याच वायरीवरनं दर रविवारी तुरुंगाच्या व्हिडिओ कॉलवर काकूला तुझं थोबाड दिसतं, हे ध्यानात ठेव.

ड्यूई


राज्य कारागृह
२ मार्च

ड्यूई,

तुझ्या पत्राला मी हसलो आणि मग बराच वेळ हसलो नाही.

मी कधी लिहिलं नव्हतं, आज लिहितो. हॉईट मॅडॉक्स माझ्याच बराकीत आहे. बाबांनी ज्याचा कान कुत्र्यांच्या शर्यतीत चावून तोडला, तोच. नंतर त्यानं आमचं कोठार पेटवलं, आडव्या आलेल्या शेरीफच्या माणसाला सुरा मारला, आणि चौदा वर्षं घेतली. मी आलो तेव्हा त्याला आडनाव कळलं. तेव्हापासून दर महिन्याला तो मला धुतो. तोंडाला लावत नाही, कारण रविवारी आई बघते. बरगड्या, पोट, पाठ. म्हणतो, "हा बापाचा हप्ता. मुद्दल बाहेर आल्यावर त्याच्याकडनं घेईन." जूनच्या सुरुवातीला सुटतोय.

बाबा गेले हे मी त्याला सांगितलं. तो खाटेवर बसला. मग उठला आणि भिंतीला गुद्दे घालत राहिला, बोटांची हाडं दिसेपर्यंत. चौदा वर्षं एका माणसाला मारायची वाट बघायची आणि तो झाड तोडताना मरतो. मला तर त्याची दयाच आली. मग त्यानं कॉफीची पुडी माझ्या उशीवर टाकली. म्हणाला, "आपला हिशेब संपला."

ड्यूई, मी इथं आल्यापासून पहिल्यांदा पोटावर हात न धरता झोपतो.

म्हणून सांगतो. बाबांना मेलेलं राहू दे. स्वस्त आहे म्हणतोस, पण कशाच्या बदल्यात स्वस्त ते बघ. आईला यातलं काही सांगू नको.

रँडल


कॉपरहेड घळ
२८ मार्च

रँडल,

हॉईटची काळजी सोड. तो आत, आम्ही बाहेर, आणि बाहेरचं सगळं कंपनीला ठाऊक, त्याला नाही.

इकडे युद्ध झालं. बास्केटबॉलच्या मोठ्या सामन्यांचा महिना, तुला सांगायला नको. संध्याकाळी आख्खी घळ आमच्या घरात. बायकांनी कोंबडी तळलेली, एस्टिलनं घरची दारू आणलेली. टीव्ही लावला तर ते चॅनेलच नाही. निळा पडदा.

मी काकाच्या आवाजात फोन लावला. पोरगी म्हणाली, "मिस्टर रन्यन, हमी भावाची आहे. चॅनेल कोणती द्यायची ती कंपनीची मर्जी." मी म्हणालो, "म्हणजे मी गायीचा भाव ठरवला आणि तू शेळी बांधून गेलीस?" ती म्हणाली, "भाव तोच आहे ना?" वर गोड आवाजात सांगितलं की बॉक्सचं भाडं हमीत येत नाही, ते वाढलंय. खेळाच्या चॅनेलचा आकार पण वाढलाय. मी म्हणालो, "जे चॅनेल दिसत नाही त्याचा आकार?" म्हणाली, "तो सगळ्यांनाच लागतो." मी काकाच्या तोंडच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या शिव्या दिल्या. पोरगी ट्रीना नावाची आहे. ऐकून घेते, बरी आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस वायर तपासायला आला. खांबावर चढला आणि बघतो तर आमच्या एका वायरीतनं सात घरं लटकलेली. खाली उतरायच्या आत एस्टिलनं त्याची शिडी काढली. मग त्याला खाली ओढला, मग त्यानं पक्कड काढली, मग ती माझ्या तोंडावर बसली. पुढचा दात गेला. एस्टिलनं त्याला कुंपणावर फेकला, ड्यूकनं पोटरी धरली. तो ओरडला, "मला बर्ल रन्यनशी बोलायचंय." काकू म्हणाली, "आजारी आहे, झोपलाय." मी मागच्या दारानं पळत जाऊन गोधडीत शिरलो. तोंडात रक्त, त्यामुळे खोकला अगदी खरा आला. तो दारातनंच टोपी काढून गेला.

अजून एक. टेकडीवर काका-काकूच्या थडग्याचा जोडीचा दगड आहे ना, नावं आणि जन्मसाल आधीच कोरून ठेवलेला? दगडवाला मृत्यूचं साल कोरायला आला होता. काकूनं परत पाठवलं. म्हणाली, दगडावर आकडा पडला की कुणीतरी कंपनीला जाऊन सांगेल. घळीतल्या प्रत्येकाला पढवलंय, कुणी विचारलं तर बर्ल बरा आहे, काल भेटला होता.

एक गोष्ट सांगू की नको. रोज सकाळी काकू मला काकाच्या आवाजात कॉफी मागायला लावते. मी मागतो. ती देते.

ड्यूई


राज्य कारागृह
२० एप्रिल

ड्यूई,

डाव्या हातानं लिहितोय. न्हाणीघरात पाय घसरला. जबडा तारेनं बांधलाय, म्हणून रविवारी आईशी बोललो नाही. कॅमेरा बिघडला असं तिला सांग.

एकच विचारतो, खरं सांग. बाबा मेलेत का?

हॉईटची भाची कंपनीत फोनवर बसते. ट्रीना. त्यानं तिला सहज सांगितलं, बर्ल रन्यन मेला. ती म्हणाली, "छे, परवाच बोललाय माझ्याशी. मला रानडुकराची पोर म्हणाला." तिनं घळीत पण फोन करून विचारलं. सगळे म्हणाले, बरा आहे, काल भेटला.

मी माती बघितली नाही. पेटी बघितली नाही. मला फक्त तुम्ही सांगितलं. आणि तू तर लहानपणापासून खोटं बोलून जेवणारा. हॉईट माझं डोकं नळावर आपटत होता आणि म्हणत होता, "तुझा बाप जिवंत आहे." आणि मला, ड्यूई, मार खाताना वाटलं की असू दे. असू दे जिवंत.

असेल तर लिही. हॉईटला मी बघून घेईन.

रँडल


कॉपरहेड घळ
२७ एप्रिल

रँडल,

मेलाय. मी स्वतः माती लोटली. तुझी शप्पथ, माझी शप्पथ, ड्यूकच्या शेपटीची शप्पथ.

ट्रीनाची गंमत मला ठाऊक नव्हती. काकूला तुझा पाय घसरल्याचं पण सांगितलं नाही. कॅमेऱ्याचं तिला पटलं नसतं, म्हणून तुला सर्दी झालीय म्हणालो. ती म्हणाली, "सर्दीत तोंड दाखवायला काय होतं?" आणि रविवारी निळ्या पडद्यासमोर तासभर बसली.

तुला आणि त्या एककान्याला खात्री पटावी म्हणून टेकडीवर जाऊन फोटो काढलाय. सोबत पाठवतोय. दगड बघ, मातीचा उंचवटा बघ, वर एस्टिलनं ठेवलेली प्लॅस्टिकची फुलं बघ. हॉईटच्या नाकावर आपट हा फोटो. मग कॉफीच्या दोन पुड्या वसूल कर.

काकूला म्हणालो, आता कंपनीला सांगून टाकू. ती म्हणाली, "रँडल सुटेपर्यंत थांब. नवीन भावात मला ती वायर परवडत नाही. वायर गेली तर त्याचं तोंड मी कुठं बघू?" मी उचललेला फोन खाली ठेवला.

ड्यूई


राज्य कारागृह, दवाखाना
१५ मे

ड्यूई,

हे शेजारच्या खाटेवरचा म्हातारा लिहितोय. मी सांगतोय, तो लिहितोय. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

फोटो मी हॉईटला दाखवला. त्यानं नीट बघितला. मग विचारलं, "साल कुठाय?" मी बघितलं. बाबांच्या नावाखाली जन्मसाल, पुढं नुसता गुळगुळीत दगड. शेजारी आईच्या नावाखाली पण तसाच. तो म्हणाला, "तुझी आई पण मेली का मग?"

मी फोटो परत डोळ्याजवळ धरला, तेवढ्यात त्यानं दात घासायच्या ब्रशचं धार लावलेलं टोक पोटात घातलं. दोनदा. एकदा खोटं बोललो म्हणून, आणि एकदा तू बोललास म्हणून. आतडं शिवलंय. जगेन म्हणतात.

मी कुणाचं नाव घेतलं नाही. इथं घेत नाहीत. त्यामुळे तो ठरलेल्या दिवशी सुटतोय. थेट तुमच्याकडे येणार.

त्याच्या आधी आईला घेऊन कुठंतरी जा. नाहीतर कंपनीला फोन कर, दगडवाल्याला बोलव, गावभर ओरड. माझ्या बापाला मारून टाक, ड्यूई. पाया पडतो.

रँडल
(लिहिणाऱ्याची टीप: पोरगा ताप असताना बापाला हाका मारतो. कोण आहात ते या लवकर.)


कॉपरहेड घळ
९ जून

रँडल,

मी पण डाव्या हातानं लिहितोय. उजव्यात छर्रे होते.

तुझं पत्र मी काकूला दाखवलं नाही. दगडवाल्याला निरोप धाडला, तो म्हणाला पुढच्या आठवड्यात. कंपनीला फोन करणार होतो, पण काकूची ती वायर आठवली. काकू घर सोडायला तयार नाही, कारण थडगी सजवायचा रविवार तोंडावर. वर्षभर कुणी टेकडीवर जात नाही, पण त्या रविवारी आख्खी घळ फुलं आणि जेवण घेऊन वर बसते. तू सांग, तिला कोण थांबवणार?

त्या दुपारी सगळे वर होते. मी कोंबडीचं भांडं न्यायला घरात आलो. आणि बाहेरनं आवाज, "बर्ल, बाहेर ये."

जाळीच्या दारातनं दिसला. एक कान, दुनळी बंदूक. रँडल, मी कितीही टवाळ असलो तरी त्या वेळी घाबरलो. आणि घाबरलो की माझं तोंड माझं राहत नाही. काकाच्या आवाजात बाहेर पडलं, "कोण मरायला आलंय?"

त्यानं दारातनंच बार काढला. दाराची जाळी, कोंबडी आणि माझा अर्धा कान भिंतीवर. दंडात छर्रे. मी पडलो. तो आत आला, मला बघितलं आणि म्हणाला, "तू कोण?" मी म्हणालो, "ड्यूई." त्यानं बंदुकीचा दस्ता तोंडावर मारला, आता दुसरा पण दात नाही. "बर्ल कुठाय?" मी वर बोट केलं. त्यानं छताकडे बघितलं. मी म्हणालो, "वर म्हणजे टेकडीवर."

मला गचांडी धरून फरफटत वर नेलं. सगळे हातात ताटं घेऊन उभे. एस्टिलनं पिस्तूल काढलं. काकू म्हणाली, "ठेव ते खाली. पोराच्या मागं उभा आहे तो." मग तिनं फावडं उचललं आणि हॉईटच्या पायाशी टाकलं. म्हणाली, "खण."

त्यानं बंदूक दगडाला टेकवली आणि खणलं. माती जूनची, लोण्यासारखी. लहान पोरांना बायकांनी पाठीशी घेतलं. फावडं पेटीला लागलं, त्यानं टोकानंच फळी उचकटली. वास आला आणि सगळे मागं झाले. मी पण बघितलं नाही. मी फक्त त्याला बघितलं. तो खड्ड्यात गुडघ्यावर बसला आणि हात घालून बरणी बाहेर काढली. उन्हात धरली. त्याचा कान.

बरणीवरची माती अंगठ्यानं पुसली. मग विचारलं, "बाई, मग दगडावर साल का नाही?"

"टीव्हीसाठी," काकू म्हणाली.

"काय?"

तिनं सांगितलं. टायवाला, खांब, कागद, बर्ल रन्यन जिवंत असेपर्यंत. हॉईट शहाण्या माणसासारखा ऐकत होता. म्हणाला, "मग सामने दिसतात का?"

"नाही. ते चॅनेल काढलं."

"बॉक्सचं भाडं?"

"वेगळं. वाढलंय."

"मग हमी कशाची?"

एस्टिल फुलांकडे बघायला लागला. हॉईट बरणीकडे बघत म्हणाला, "आणि ह्याच्यासाठी मी तुझ्या पोराचं आतडं फाडलं."

काकूला हे ठाऊक नव्हतं. तिनं आधी माझ्याकडे बघितलं आणि माझं उत्तर तोंडावरच वाचलं. माझ्या फुटलेल्या तोंडावर एक ठेवून दिली. मग खड्ड्याच्या काठावरचं फावडं उचललं आणि हॉईटच्या डोक्यात घातलं. तो काकाच्या पेटीवर पडला. तिनं परत घातलं. परत घातलं. तो हात वर करत नव्हता. बरणी तेवढी पोटाशी धरून होता. चौघांनी मिळून तिला धरलं, तिनं त्यातल्या एकाचं बोट चावलं. रन्यनांच्या घरात इतकी वर्षं काढलीत तिनं.

मग ती दम खात म्हणाली, "वर ये. एस्टिलच्या गाडीत छिन्नी-हातोडा आहे. साल कोर."

आणि कोरलं त्यानं. शेरीफची गाडी येईपर्यंत दगडासमोर बसून, कपाळातनं रक्त डोळ्यात जातंय, पुसतोय, ठोकतोय. आकडे वाकडे आलेत, शेवटचा तर पडायला टेकलाय. पण वाचता येतात. शेरीफ त्याला घेऊन गेला. बरणी त्याच्याकडेच राहू दिली.

संध्याकाळी काकूनं कंपनीला फोन लावला. मला वाटलं फोन माझ्या हातात देईल. दिला नाही. म्हणाली, "माझा नवरा बर्ल मेला. जानेवारीत." पलीकडे ट्रीना नव्हती, दुसरीच कुणी होती. दुःख झालं म्हणाली. हमी आता संपते म्हणाली. मग लगेच, तुमच्या नावानं नवीन घ्या, इंटरनेट आणि टीव्ही एकत्र, दोन वर्षं भाव वाढणार नाही. काकूनं विचारलं, "त्या दोन वर्षांत माझं पोरगं मला दिसेल ह्याची हमी आहे?" ती म्हणाली, "इंटरनेटचा वेग उत्तम असेल." काकू म्हणाली, "वायर काढून न्या. शिडी एस्टिलकडे आहे."

वायर गेल्यापासनं आख्खी घळ आमच्याशी बोलत नाही. एस्टिल बोलतो, कारण त्याच्या गाडीतनं काकू उद्या तुझ्याकडे निघतेय. पाच तासांचा रस्ता, तिनं आदल्या दिवशीपासनंच बूट घालून ठेवलेत.

आज सकाळी सवयीनं मी काकाच्या आवाजात कॉफी मागितली. ती म्हणाली, "तुझ्या हातानं घे."

माझ्यामुळे तुझं पोट फाटलं. जबडा पण. हे मी गमतीत लिहीत नाही.

ड्यूई


राज्य कारागृह, दवाखाना
२४ जून

ड्यूई,

आई येऊन गेली.

पडद्यावर ती नेहमी अर्धी दिसायची. कपाळ असायचं, हनुवटी नसायची, आणि बोलता बोलता थिजायची. मला वाटायला लागलं होतं की ती तशीच झालीय. समोर आली तर पूर्ण होती. मला वाटत होतं त्यापेक्षा बुटकी. पहारेकऱ्यानं एकदाच मिठी मारू दिली. तिच्या केसांना मक्याच्या पिठाचा वास होता. वायरीतनं तो कधीच आला नव्हता. माझा जबडा तिनं दोन्ही हातात धरला आणि तारा मोजल्यासारखं बोट फिरवलं. मग शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दटावलं की माझं पत्र त्यानं फार रडकं लिहिलं.

तुझ्यावर चिडली आहे. पण तुझ्या कानाला रोज मलम तीच लावते असं एस्टिल म्हणाला.

हॉईटला परत आणलंय, दुसऱ्या बराकीत. परवा माझ्या उशीवर कॉफीची पुडी होती. मी ती प्यायलो नाही. टाकली पण नाही.

तुला मी माफ केलंय की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. भेटल्यावर एक ठोसा मी नक्की घालणार, पोट बरं झालं की. तोवर पुढच्या महिन्यात आईबरोबर तू ये. येताना गप्प ये, हसवू नको, टाके ओढतात.

आणि आलास की पहारेकरी लांब असताना, एकदाच, बाबांच्या आवाजात मला शिवी घाल. मेलेत हे आता मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच सांगतोय.

रँडल